हेराचे परतणे : युलियन सेम्योनोव यांची कादंबरी आणि दूरचित्रवाणी

१

हेरकथेत नायकाचे परतणे गृहीत धरलेले असते. तो परक्या मुलुखात जातो, परके नाव आणि परका पोशाख धारण करतो, आणि काम फत्ते झाले की आपल्या माणसांत येऊन पुन्हा आपले नाव घेतो. इयान फ्लेमिंग यांच्या कादंबऱ्यांची कथनरचना उलगडताना उंबेर्तो एको यांनी १९६५ साली तिची तुलना ठरावीक चालींच्या खेळाशी केली होती. वरिष्ठाने कामगिरी सोपवणे ही त्या खेळाची पहिली चाल, आणि नायकाची विश्रांती ही शेवटची. मधल्या चालींचा क्रम बदलू शकतो, पण विश्रांती चुकत नाही. आणि ज्याला परतायला घर आहे त्यालाच विश्रांती घेता येते. जॉन ल कारे यांनी १९६३ नंतर हा संकेत उलटवला तो घरावरच संशय घेऊन. त्यांच्या कादंबऱ्यांत नायक परततो खरा, परंतु ज्या कार्यालयात तो परततो तेच आतून पोखरलेले असते. या दोन्ही परंपरांत परतण्याचा प्रसंग लिहिला जातो. पहिलीत तो समाधान देतो, दुसरीत भ्रमनिरास.

सोव्हिएत हेरकथेतील सर्वांत गाजलेल्या मालिकेत मात्र हा प्रसंग सुमारे दोन दशके लिहिलाच गेला नाही. युलियन सेम्योनोव (१९३१–१९९३) यांनी निर्माण केलेला मक्सिम इसायेव, म्हणजेच नाझी सुरक्षादलाच्या गणवेशातील श्टिर्लिट्स, १९६६ साली पहिल्यांदा वाचकांसमोर आला आणि १९९० साली त्याची कथा संपली. या चोवीस वर्षांत लेखकाने नायकाला व्लादिवोस्तोक, ताल्लिन, स्पेन, युगोस्लाव्हिया, बर्लिन आणि दक्षिण अमेरिका असे सर्वत्र फिरवले. त्याचे मॉस्कोत परत येणे तेवढे राहून गेले. प्रस्तुत लेखाचे प्रतिपादन असे की, ही लांबणी केवळ मालिकालेखनाच्या व्यवहारातून आलेली नाही. सेम्योनोव यांच्या लेखनकारकिर्दीचा आकार या लांबणीने ठरवला आहे, आणि त्यांच्या कादंबऱ्यांचे व दूरचित्रवाणी-लेखनाचे बळ आणि दुबळेपणा दोन्ही तिच्यातून समजून घेता येतात.

२

सेम्योनोव यांच्याविषयीच्या चर्चेत दोन भूमिका ढोबळमानाने आढळतात. पहिल्या भूमिकेनुसार ते राजसत्तेचे लेखक होत. केजीबीचे प्रमुखपद १९६७ ते १९८२ या काळात युरी आंद्रोपोव यांच्याकडे होते. गुप्तचराची प्रतिमा सुसंस्कृत व नीतिमान व्हावी असा त्या यंत्रणेचा प्रयत्न होता, आणि सेम्योनोव यांचे लेखन त्या प्रयत्नाला अनुकूल ठरले. जे देश सामान्य सोव्हिएत नागरिकाला नकाशातच पाहायचे होते तेथे ते हिंडू शकत होते. बातमीदार म्हणून ते व्हिएतनाम व लाओसमध्ये गेले. पुढे माद्रिदमध्ये त्यांनी ऑटो स्कोर्झेनी याची मुलाखत घेतली. अशा सवलती फुकट मिळत नसतात, असे ही भूमिका म्हणते. दुसऱ्या भूमिकेनुसार श्टिर्लिट्सची कथा ही सोव्हिएत समाजाचीच आडवळणाने सांगितलेली कथा आहे. अधिकृत भाषेच्या गणवेशात वावरणारा आणि मनात वेगळेच बोलणारा नायक म्हणजे त्या काळचा सुशिक्षित सोव्हिएत नागरिक होय. रशियन समीक्षेत अशा आडवळणाच्या लेखनाला ‘ईसॉपीय भाषा’ म्हणण्याची जुनी परंपरा आहे.

दोन्ही भूमिकांना आधार आहे, आणि दोन्ही एकाच ठिकाणी उण्या पडतात. पहिली आश्रयावरून अर्थ ठरवते, दुसरी अर्थावरून लेखकाचा हेतू ठरवते. संहितेत काय लिहिले गेले आणि काय लिहायचे राहिले, याचा हिशेब दोघींनाही करावासा वाटत नाही. तो केल्यास सेम्योनोव ना केवळ दरबारी लेखक ठरतात, ना छुपे बंडखोर.

या हिशेबासाठी चरित्रातील एक घटना लक्षात घेणे आवश्यक आहे. सेम्योनोव यांचे मूळ आडनाव ल्यांद्रेस. ‘सेम्योनोव’ हे वडिलांच्या सेम्योन या नावावरून घेतलेले लेखननाम. वडील ‘इझ्वेस्तिया’ दैनिकात निकोलाय बुखारिन यांचे सहकारी होते. बुखारिन यांना १९३८ साली देहदंड झाला. ल्यांद्रेस यांना अटक झाली ती १९५२ साली. त्यांचा मुलगा तेव्हा मॉस्कोच्या प्राच्यविद्या संस्थेत पश्तू भाषेचा विद्यार्थी होता. वडिलांच्या निर्दोषत्वासाठी त्याने अर्जविनंत्या केल्या आणि त्याला संस्थेतून काढून टाकण्यात आले. स्तालिनच्या मृत्यूनंतर, १९५४ साली वडील सुटले आणि मुलाचे शिक्षणही पुन्हा मार्गी लागले. चरित्रातून कलाकृतीचा अर्थ थेट काढणे ही समीक्षेची जुनी चूक आहे, आणि ती येथे करावयाची नाही. एवढेच नोंदवायचे की, निष्ठावंत माणसाला स्वतःच्याच घरातून कसे उचलून नेले जाते हे या लेखकाला ठाऊक होते. श्टिर्लिट्स परत आला असता तर त्याच्या वाट्याला काय आले असते, हा प्रश्न त्याच्या दृष्टीने काल्पनिक नव्हता.

३

मालिकेतील पहिली कादंबरी ‘परवलीच्या शब्दाची गरज नाही’ १९६६ साली प्रसिद्ध झाली. गृहयुद्धाच्या अखेरच्या पर्वातील अतिपूर्व रशिया ही तिची पार्श्वभूमी. सेनापती वासिली ब्ल्युखेर आणि पक्षकार्यकर्ते पावेल पोस्तिशेव हे तिच्यातील ऐतिहासिक व्यक्तींपैकी दोघे. ब्ल्युखेर १९३८ साली कोठडीत मरण पावले, पोस्तिशेव यांना १९३९ साली गोळी घालण्यात आली. दोघांवरील कलंक स्तालिनोत्तर काळात पुसला गेला. १९६६ मधील वाचकाला हे माहीत होते. कादंबरी मात्र त्या दोघांच्या ऐन उमेदीच्या काळात थांबते. पुढे काय झाले ते ती सांगत नाही, आणि वाचकही विसरू शकत नाही. संहितेच्या सीमेबाहेर उभ्या असलेल्या मृत्यूने संहितेतील उत्साहाला करुण छटा यावी, ही योजना सेम्योनोव यांच्या लेखनात पुढे वारंवार दिसते.

१९६९ साली ‘वसंतातील सतरा क्षण’ ही कादंबरी आली. काळ १९४५ च्या फेब्रुवारी-मार्चचा. हिम्लरचे हस्तक स्वित्झर्लंडमध्ये पाश्चात्त्य राष्ट्रांशी स्वतंत्र तहाची बोलणी करत आहेत काय, आणि असल्यास ती कशी हाणून पाडावीत, ही श्टिर्लिट्सवरील कामगिरी. सेनापती कार्ल वोल्फ आणि अमेरिकन गुप्तहेर प्रमुख ॲलन डलेस यांच्या प्रत्यक्षात झालेल्या भेटीगाठी या कथेच्या मुळाशी आहेत. इतिहासाचा आधार घट्ट असला तरी कादंबरीचे कथनतंत्र अधिक विचारणीय आहे.

या तंत्राचे दोन घटक आहेत. पहिला घटक दप्तरी नोंदींचा. नाझी अधिकाऱ्यांच्या सेवापुस्तिकेतील गोपनीय शेरे कादंबरीत ठिकठिकाणी जसेच्या तसे असल्याप्रमाणे मांडले जातात. वंशशुद्धता, स्वभाव, सहकाऱ्यांशी वागणूक, कौटुंबिक स्थिती, वरिष्ठांकडून झालेले गौरव, सारे काही ठरावीक साच्यात. क्रूरकर्म्यापासून खुद्द श्टिर्लिट्सपर्यंत सर्वांना तेच शब्द लागू पडतात, आणि म्हणूनच ते शब्द कोणाविषयीही काहीच सांगत नाहीत. नोकरी, बढती वा परदेशप्रवास यांसाठी असाच वर्तणुकीचा दाखला सोव्हिएत नागरिकालाही मिळवावा लागे. साचा ओळखीचा असल्यामुळे वाचकाला हसू येई, आणि ते हसू केवळ शत्रूच्या दप्तराला उद्देशून राहत नसे.

दुसरा घटक संवादाचा. मिखाईल बाख्तीन यांनी ज्याला द्विस्वरी शब्द म्हटले, त्याचे हेरकथा हे नैसर्गिक क्षेत्र आहे. श्टिर्लिट्सचे प्रत्येक वाक्य समोरच्या अधिकाऱ्यासाठी असते आणि त्याच वेळी ते वाचकासाठी असते. दोघांना ऐकू येणारे अर्थ निरनिराळे. रशियन बनावटीच्या बिनतारी यंत्राच्या पेटीवर त्याच्या बोटांचे ठसे सापडतात, तो प्रसंग या दृष्टीने पाहण्यासारखा आहे. गेस्टापोचा प्रमुख म्युलर त्याला तळघरातील कोठडीत ठेवतो आणि उत्तर शोधायला वेळ देतो. बाँबहल्ल्यात रस्त्यावर एका बाईची पेटी उचलून दिली, हे उत्तर अखेर सापडते. ते खोटे आहे, पण खोटे ठरवता येत नाही. संपूर्ण प्रकरणात मारामारी नाही, पाठलाग नाही. दोन कर्मचारी एकमेकांच्या वाक्यांतील फटी तपासत बसलेले आहेत. साहसकथेचे चौकशीकथेत झालेले हे रूपांतर सेम्योनोव यांचे महत्त्वाचे योगदान मानावे लागेल. चौकशीच्या खोलीत सुटणारे वाक्य आणि अडकवणारे वाक्य यांत किती थोडे अंतर असते, हे या लेखकाला चांगलेच उमजलेले आहे.

४

याच कादंबरीवर आधारलेली बारा भागांची दूरचित्रवाणी मालिका ऑगस्ट १९७३ मध्ये प्रसारित झाली. पटकथा सेम्योनोव यांची, दिग्दर्शन तात्याना लिओझ्नोवा यांचे. केजीबीचे वरिष्ठ अधिकारी सल्लागार होते, आणि श्रेयनामावलीत त्यांची खरी नावे नव्हती. हेराच्या कथेला टोपणनावाचे सल्लागार असावेत, हा योगायोग त्या व्यवस्थेचे स्वरूप पुरेसे सांगतो.

मालिकेने कादंबरीत केलेले बदल पाहिल्यास कादंबरीकार आणि दूरचित्रवाणी यांच्यातील नाते स्पष्ट होते. सेम्योनोव यांची गती शब्दांची आणि माहितीची आहे; ते घाईने, एकामागून एक घटना सांगत जातात. लिओझ्नोवा यांनी ही गती मुद्दाम मंद केली. येफीम कोपेल्यान यांचा निवेदकाचा आवाज दप्तरी नोंदी ज्या तटस्थपणे वाचतो त्याच तटस्थपणे नायकाच्या मनातील विचारही सांगतो. त्यामुळे माणसाचे अंतरंग हीदेखील एक गोपनीय फाईल भासू लागते. कृष्णधवल चित्रण आणि युद्धकालीन वार्तापटांचे तुकडे एकमेकांत मिसळून कल्पितालाही दस्तऐवजाचे वजन देतात.

मात्र सर्वांत अर्थपूर्ण भर आहे ती पत्नीच्या भेटीच्या प्रसंगाची. कादंबरीत नसलेला हा प्रसंग मालिकेतील एक आठवण म्हणून येतो. मॉस्कोहून आणलेली पत्नी एका जर्मन कॅफेत दुसऱ्या टेबलाशी बसते. श्टिर्लिट्स तिला दुरून पाहतो. दोघे एकमेकांशी बोलत नाहीत, जवळ येत नाहीत. काही मिनिटे केवळ व्याचेस्लाव तिखोनोव यांचा चेहरा, पत्नीचा चेहरा आणि मिकाएल तारिव्हेर्दिएव्ह यांचे संगीत. मग तिला तेथून नेले जाते. दूरचित्रवाणीच्या छोट्या पडद्याला दृश्याचा विस्तार पेलत नाही, पण चेहरा पेलतो, हे लिओझ्नोवा यांनी येथे नेमके हेरले आहे. या प्रसंगाला भावुक म्हणून बाजूला सारणे सोपे आहे. परंतु कथनाच्या दृष्टीने पाहता तो परतण्याच्या प्रसंगाची जागा घेतो. नायक घरी जाऊ शकत नाही, म्हणून घर काही मिनिटांसाठी त्याच्याकडे येते आणि अस्पर्शित परत जाते. दूरच्या मायभूमीवरील गीत मालिकेला जोडले गेले तेही याच तर्काने. शेवटच्या दृश्यात नायक रस्त्याकडेला मोटार थांबवतो, जमिनीवर बसून मातीला हात लावतो आणि बर्लिनच्या दिशेने निघून जातो. कामगिरी संपली आहे आणि विश्रांतीची चाल खेळली गेलेली नाही.

प्राध्यापक प्लाइश्नर याची उपकथा याच आशयसूत्राची दुसरी बाजू दाखवते. नाझी छळछावणीतून सुटलेला हा भित्रा, सज्जन विद्वान श्टिर्लिट्सच्या कामासाठी बर्नला येतो. (मालिकेत दिसणारा बर्नचा रस्ता प्रत्यक्षात रीगा शहरातील आहे, त्याच रस्त्याने पुढे सोव्हिएत शेरलॉक होम्समालिकेत लंडनची भूमिका केली.) मोकळ्या शहराची हवा लागताच प्लाइश्नर मोहरून जातो, आणि खिडकीत ठेवलेले धोक्याची सूचना देणारे फूल त्याच्या नजरेतून निसटते. अखेर विष घेऊन तो खिडकीतून उडी टाकतो. मोकळेपणाची सवय नसलेल्या माणसाला मोकळेपणाच घातक ठरतो, हा अर्थ नाझी जर्मनीपुरता मर्यादित ठेवणे १९७३ च्या प्रेक्षकाला अवघड गेले असावे. म्युलरच्या भूमिकेत लिओनिद ब्रोनेवोय यांनी उभा केलेला थकलेला, खोचक, वरिष्ठांना वचकून असणारा अधिकारीही त्याला आपल्या कार्यालयाच्या व्हरांड्यात भेटल्यासारखा वाटला असेल.

मालिका प्रसारित होत असताना रस्ते ओस पडत, अशा आठवणी सांगितल्या जातात. त्याहून बोलका पुरावा म्हणजे श्टिर्लिट्सविषयीचे विनोद. या विनोदांचा एक स्वतंत्र लोकवाङ्मयप्रकारच तयार झाला. निवेदकाचा गंभीर आवाज आणि नायकाचे सर्वज्ञ मौन यांचे विडंबन हे त्यांचे मुख्य सूत्र. बोलण्यात दोन अर्थ ठेवण्याची कला प्रेक्षकांनी मालिकेकडून उचलली आणि मालिकेवरच चालवली. यंत्रणेच्या सल्ल्याने घडलेली कृती तिच्या आस्वादकांनी अशी ताब्यात घेतली. हे सेम्योनोव यांच्या हेतूमुळे घडले असे म्हणता येत नाही. त्यांनी योजलेल्या रूपबंधामुळे ते शक्य झाले, असे म्हणता येते.

५

रूपबंधाचा हा मुद्दा उलट बाजूनेही तपासता येतो. ‘तासला निवेदन करण्याचा अधिकार देण्यात आला आहे’ ही कादंबरी १९७९ साली आली आणि तिच्यावरील दहा भागांची मालिका १९८४ साली प्रसारित झाली. पटकथा सेम्योनोव यांचीच, दिग्दर्शक व्लादिमीर फोकिन. परराष्ट्र खात्यातील अधिकारी अलेक्सांद्र ओगोरोद्निक याला १९७७ साली अमेरिकेसाठी हेरगिरी केल्याच्या आरोपावरून पकडण्यात आले होते. त्या प्रकरणाचा आधार येथे घेतला आहे. आफ्रिकेतील नागोनिया हा काल्पनिक देश, तेथील नियोजित सत्तापालट, मॉस्कोतील घरभेदी आणि त्याचा माग काढणारे केजीबी अधिकारी असे हे कथानक. तिखोनोव येथेही आहेत, पण आता ते मॉस्कोतील कार्यालयात बसलेले सेनापती आहेत.

बांधणीच्या दृष्टीने ही मालिका कमी प्रतीची नाही. तरीही ती पाहताना श्टिर्लिट्सच्या कथेतील ताण जाणवत नाही. कारण उघड आहे. येथील नायक स्वतःच्या नावाने, स्वतःच्या भाषेत, स्वतःच्या राज्याच्या वतीने बोलतात. त्यांच्या वाक्यांना दुसरा स्वर नाही. दुटप्पी आयुष्य जगतो तो खलनायक, आणि त्याचे अंतरंग जाणून घेण्यात संहितेला फारसा रस नाही. पाळत ठेवणाऱ्याच्या बाजूने कथा सांगितली की पाळत हे केवळ तंत्र उरते. पाळतीखाली असलेल्याच्या बाजूने सांगितली की ती जगण्याची स्थिती होते. एकच लेखक, तेच माध्यम, तीच आश्रयदाती यंत्रणा असूनही दोन कृतींत एवढे अंतर पडते. आश्रयावरून अर्थ ठरवणारी भूमिका हे अंतर स्पष्ट करू शकत नाही.

६

आता मूळ मालिकेच्या क्रमाकडे पाहू. १९६९ मध्ये नायकाला १९४५ च्या बर्लिनमध्ये सोडल्यावर कथा पुढे जायला हवी होती. सेम्योनोव मागे गेले. ‘कामगारवर्गाच्या हुकूमशाहीसाठी हिरे’ (१९७१) १९२१ सालात घडते, ‘स्पॅनिश पर्याय’ (१९७३) यादवी युद्धाच्या काळातील स्पेनमध्ये. ‘पर्याय’ (१९७४) आणि ‘तिसरे पान’ (१९७५) १९४१ सालातील. ‘अध्यक्षासाठी बाँब’ (१९७०) हा एकच अपवाद: त्यात साठीच्या दशकातील वयस्क इसायेव भेटतो. परंतु १९४५ आणि साठीचे दशक यांच्यामधील वर्षांवरून ही कादंबरी सरळ उडी मारते. इसायेव परतलेला दिसतो, परतताना दिसत नाही. १९८२ साली ‘जिवंत राहण्याचा हुकूम’ या कादंबरीत कथा पुन्हा बर्लिनला येते. ‘विस्तार’ या तीन भागांच्या कादंबरीत (१९८४–१९८७) नायक युद्धोत्तर स्पेन व दक्षिण अमेरिकेत पळून गेलेल्या नाझींच्या मागावर भटकतो. घरापासूनचे अंतर कमी होण्याऐवजी वाढत जाते.

मालिका लोकप्रिय झाली की लेखक ती ताणतो, हा आक्षेप येथे घेता येईल, आणि त्यात तथ्यही आहे. ‘विस्तार’मधील पानेच्या पाने राजकीय माहितीने भरलेली आहेत, पात्रे लेखकाच्या टिपणवहीतून बोलतात, स्त्रीपात्रे बहुधा नायकाच्या एकाकीपणाचे निमित्त बनतात. पण केवळ ताणायचेच असते, तर नायकाला मॉस्कोत आणून नवी कामगिरी देता आली असती. फ्लेमिंग यांनी प्रत्येक कादंबरीत तेच केले. सेम्योनोव यांना ते करता येत नव्हते, कारण १९४५ नंतर परदेशातून परतलेल्यांचे काय होई हे प्रत्येक वाचकाला माहीत होते. खरे लिहिता येत नव्हते. खोटे लिहिले असते तर नायक संपला असता. या कोंडीतून सुटण्यासाठी मालिका भूगोलात पसरत गेली.

कोंडी फुटली ती १९९० साली, ‘हताशा’ या अखेरच्या कादंबरीत. श्टिर्लिट्स मायदेशी येतो आणि थेट लुब्यांकाच्या कोठडीत जाऊन पडतो. चौकशी करणारे त्याच्याच यंत्रणेचे आहेत. स्वीडिश मुत्सद्दी राऊल वॉलेनबर्ग यांच्याविरुद्धच्या कारस्थानात त्याचा वापर करण्याचा त्यांचा डाव आहे. आणि त्यासाठी त्याने नाझी अधिकारीच राहावे अशी त्यांची अपेक्षा आहे. आयुष्यभर जो मुखवटा त्याने राज्यासाठी घातला, तोच आता राज्य त्याचा चेहरा म्हणून त्याच्यावर लादते. त्याचे कुटुंबही त्याच यंत्रणेला बळी पडते. बुडापेस्टमध्ये हजारो ज्यूंचे प्राण वाचवणारे वॉलेनबर्ग यांना जानेवारी १९४५ मध्ये सोव्हिएत फौजेने ताब्यात घेतले होते, आणि ते १९४७ साली लुब्यांकात मरण पावले असे सोव्हिएत सरकारने १९५७ मध्ये जाहीर केले होते. १९६९ ची कादंबरी आणि १९७३ ची मालिका यांत ज्यूंच्या संहाराला फारच थोडी जागा आहे, हा आक्षेप योग्यच आहे. तेव्हा बाहेर राहिलेले वास्तव अखेरच्या कादंबरीत वॉलेनबर्ग यांच्या रूपाने आत येते, आणि तेही मॉस्कोच्या तुरुंगात.

वाङ्मयीन दृष्ट्या ‘हताशा’ ही मालिकेतील उत्तम कादंबरी नव्हे. तिची घडण घाईची आहे, सूत्रे पुरेशी विणलेली नाहीत. याचे कारण लेखकाच्या थकव्यात शोधण्याऐवजी रूपबंधात शोधावे. जे दडवलेले होते त्याच्या ताणावर ही मालिका उभी होती. ते उघड बोलता येऊ लागताच द्विस्वरी शब्दाला करण्यासारखे काही उरले नाही. चौकशीच्या खोलीत श्टिर्लिट्सचे कौशल्य निरुपयोगी ठरते, कारण म्युलरला पुरावा हवा होता आणि लुब्यांकातील अधिकाऱ्यांना केवळ कबुली हवी आहे. पुराव्याची मातब्बरी संपते तेथे हेरकथा संपते. तेथून पुढे तुरुंगवाङ्मय सुरू होते, आणि त्या वाङ्मयाची भाषा सेम्योनोव यांची नव्हती. १९८९ साली त्यांनी ‘पूर्णतः गुप्त’ या नावाचे वृत्तपत्र सुरू केले. दप्तरातील शिक्का वृत्तपत्राच्या मथळ्यावर आला, म्हणजे गुपितांवर जगणाऱ्या कल्पिताचा काळ सरत आला होता. १९९० साली त्यांना पक्षाघाताचा झटका आला आणि १५ सप्टेंबर १९९३ रोजी त्यांचे निधन झाले.

७

यानंतरचा इतिहासही बोधप्रद आहे. २००९ साली ‘वसंतातील सतरा क्षण’ रंगीत करून पुन्हा दाखवण्यात आली. त्याच वर्षी सेर्गेई उर्सुल्याक यांनी ‘इसायेव’ ही नवी मालिका केली. तिच्यासाठी निवडले गेले ते विशीतील इसायेवचे कथानक, लुब्यांकातील इसायेवचे नव्हे. नायकाचे परतणे लिहून झाले होते, तरी दूरचित्रवाणीला पुन्हा त्याचे निघणेच दाखवावेसे वाटले. गणवेशातील देखणा, अबोल अधिकारी राष्ट्राच्या स्मरणात राहिला, आणि त्याची चौकशी करणारे त्याच्याच खात्यातील लोक स्मरणाच्या कडेला गेले. सेम्योनोव यांच्या कारकिर्दीतील सत्याचा आणि सोयीचा झगडा त्यांच्या पश्चातही संपलेला नाही.

लोकप्रिय साहित्याच्या समीक्षेला या कारकिर्दीतून एक गोष्ट घेता येईल. मराठी समीक्षेने बाबुराव अर्नाळकरांसारख्या रहस्यकथाकारांची दखल बहुतेक वेळा पुस्तकांची संख्या सांगून घेतली आणि मग ती ‘गंभीर’ साहित्याकडे वळली. संख्या मोजणे अपुरे आहेच, पण लोकप्रिय कृतीत सरसकट विद्रोह शोधणेही तितकेच अपुरे आहे. संकेतबद्ध वाङ्मयप्रकारात संकेत कोठे मोडला जातो किंवा टाळला जातो हे पाहावे लागते, कारण समाजाला जे बोलता येत नाही ते त्या जागी साचलेले असते. सेम्योनोव यांनी टाळलेला संकेत एकच होता. आपल्या नायकाला घरी आणण्याइतके सामर्थ्य त्यांच्या लेखणीत होते. घर तसे नव्हते. हे त्यांना ठाऊक होते, आणि वीस वर्षे त्यांनी त्याविषयी निदान खोटे लिहिले नाही. सत्तेच्या इतक्या जवळ राहून लिहिणाऱ्या लेखकाच्या जमाखर्चात ही नोंद मोठी की छोटी, हे ठरवताना त्याने स्वीकारलेल्या सवलतींबरोबर ही न लिहिलेली पानेही मोजावी लागतील.